नवी कोरी, पण तयार नव्हे

तर झालं असं, की बरेच दिवस मनात घोळत असलेली गिअरची सायकल एकदाची मागवली. ऑनलाइन. दुकानात तीच सायकल अडीच हजारांनी महाग होती, आणि आम्ही पडलो इंजिनिअर... चार ठिकाणचे भाव बघितल्याशिवाय चप्पलसुद्धा घेत नाही. शनिवारी सकाळी हा एवढा मोठा खोका दारात आला. खोक्यावर लिहिलेलं, '८५ टक्के जोडलेली'. उरलेले १५ टक्के म्हणजे पुढचं चाक, हँडल, सीट आणि पेडल. सोबत एक अ‍ॅलन की, एक पाना आणि जगातल्या कुठल्याही सायकलला चालेल असा एक कागद. पाऊण तासात काम फत्ते! फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. रविवारी पहाटे सिंहगड ठरलेलाच होता.

संध्याकाळी हवा भरायला म्हणून कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या काकांकडे गेलो. काकांनी पंपाला हात लावला नाही. सायकलच्या समोर उभे राहिले, पुढचं चाक गुडघ्यांत धरलं आणि हँडल पिळलं. चाक जागच्या जागी, हँडल मात्र आरामात फिरलं.

"उद्या कुठं निघालायस?"

"सिंहगडला, काका."

"चढशील रे. उतरणार कसा?"

मी गप्प. सिंहगडाच्या घाटातली वळणं डोळ्यासमोर आली आणि पोटात गोळाच आला.

मग काकांनी एकेक दाखवायला घेतलं. पुढचं चाक ज्या क्विक रिलीजवर बसतं, तो खटका मी नटासारखा गोल गोल फिरवून घट्ट केला होता. तो फिरवायचा नसतो, दाबून बंद करायचा असतो. अर्ध्यावर आला की जोर लागायला हवा आणि बंद केल्यावर तळहातावर त्याचा वळ उमटायला हवा. डावं पेडल तर मी आट्यांवर वाकडंच चढवलं होतं. जड जातंय हे कळत होतं, पण म्हटलं नवीन आहे, जात असेल जड, आणि पान्यावर जोर दिला. काकांनी काढलं तेव्हा अ‍ॅल्युमिनियमचा चुरा पडला. डाव्या पेडलला उलटे आटे असतात, म्हणजे ते घड्याळाच्या उलट दिशेने घट्ट होतं. चालवता चालवता ते आपोआप सुटत जाऊ नये म्हणून. विमानवाल्या राइट बंधूंचं डेटनमध्ये सायकलचं दुकान होतं, तेव्हा १९०० साली त्यांनी न सुटणारी पेडलं म्हणून हेच विकायला काढलं होतं. हे मला माहीत होतं बरं का! कुठेतरी वाचलेलं. हाताला मात्र माहीत नव्हतं.

काका म्हणाले, तू तरी बरा, एकजण पुढचा चिमटाच उलटा ठेवून आला होता. खोक्यात मावावा म्हणून चिमटा मागे फिरवलेला असतो, आणि लोक त्यावर तसंच हँडल बसवतात. डिस्क ब्रेकची सायकल असेल तर ब्रेकचा सांगाडा साधारणपणे चिमट्याच्या मागच्या बाजूला दिसतो. पुढे दिसला तर थांबा.

आता घरी करण्यासारखं काय, ते सांगतो. दहा मिनिटांचं काम आहे. चाक गुडघ्यांत धरून हँडल पिळा. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवा, कट-कट लागलं तर हँडलखालचं बेअरिंग सैल आहे. दोन्ही चाकं उचलून फिरवा, ब्रेकला घासतात का बघा. सीटच्या दांड्यावर एक खूण असते, ती नळीच्या आतच राहायला हवी. हवा किती भरायची ते टायरवरच लिहिलेलं असतं. मागचं चाक उचलून सगळे गिअर टाकून बघा. सगळ्यात मोठ्या चक्रीवरून चेन उडून तारांत गेली, तर चाक जाम होतं. आणि डिस्क ब्रेकचे नवे पॅड लगेच धरत नाहीत. रिकाम्या, सपाट रस्त्यावर वेग घेऊन, जवळजवळ थांबेपर्यंत ब्रेक दाबायचा, असं वीसेक वेळा. घाट त्यानंतर.

पण माझा मुद्दा यादीचा नाहीये. याद्या ढिगाने मिळतात. मुद्दा त्या अडीच हजारांचा आहे.

सायकली दुकानातसुद्धा पूर्वीपासून सुट्ट्या भागांतच येतात. म्हणजे खोका तोच. फरक एवढाच की तिथे एक फिटर असतो. तो जोडतो, पिळून बघतो, एक चक्कर मारून येतो आणि मग सायकल आपल्या हातात देतो. मला जे 'डिस्काउंट' मिळालं, त्यातला काही भाग त्या माणसाचा होता. त्याचं काम मात्र रद्द झालं नाही, ते गुपचूप माझ्याकडे आलं. मला कुणी सांगितलंच नाही की गाडी बनवायची शेवटची पायरी आता तुझी. उलट '८५ टक्के' वाचून वाटतं, अवघड ते सगळं झालंय. उरलेल्या १५ टक्क्यांत हँडल आणि पुढचं चाक आहे हो! ऑफिसमध्ये आम्ही दोन ओळींचा बदलसुद्धा दुसऱ्याने तपासल्याशिवाय सोडत नाही, आणि इथे स्वतःच जोडलेल्या हँडलवर घाट उतरायला निघालो होतो.

ऑनलाइन घेऊ नका असं मी म्हणत नाही. मीही पुढची तशीच घेईन कदाचित. पण विकणाऱ्याने खोक्यावर ठळक अक्षरांत लिहावं, की जाणकाराकडून तपासल्याशिवाय चालवू नका. आणि आपणही सायकलच्या किमतीत काकांचे पैसे आधीच धरावेत.

काकांनी दीड तास काम केलं आणि दोनशे रुपये मागितले. मी पाचशे दिले, तर तीनशे परत केले. म्हणाले, महिन्याभराने परत आण, नव्या केबली सैल पडतात, तेव्हा बघू.

सिंहगड पुढच्या रविवारी केला. उतरताना दोनदा थांबून हँडल पिळून बघितलं. आता सवयच लागलीये :)