धोत्रा वैरणीत, दोष कोणाचा?

धोत्रा आपल्याला नवा नाही. बांधावर, उकिरड्याच्या कडेला तो आपोआप उगवतो आणि शहाणं जनावर त्याला तोंड लावत नाही. पण वैरणीबरोबर कापला गेला, कुट्टीत मिसळला, तर जनावर तरी काय करणार? याच धोत्र्याच्या एका जातभाईवरून अमेरिकेत घोड्यांच्या शर्यतीचं प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. आपल्याकडे बैलगाडा शर्यती पुन्हा जोरात आहेत, म्हणून ते समजून घेतलेलं बरं.

७ एप्रिल २०१८ रोजी कॅलिफोर्नियातल्या सांता अनिता मैदानावर 'जस्टिफाय' नावाचा घोडा पहिला आला. शर्यतीनंतर तपासलेल्या नमुन्यात स्कोपोलामाइन निघालं. एका मिलिलिटरला ७५ नॅनोग्रॅमची मर्यादा, याच्यात ३०० होतं. हे द्रव्य धोत्र्यात असतं. वैरणीतून पोटात गेलं असावं, असा बचाव झाला. तो खोटा म्हणवत नाही, कारण त्या दिवसांत तिथल्या इतर घोड्यांतही ते सापडलं होतं. पण तिथल्या शर्यत मंडळाने बंद दाराआड बसून प्रकरण मिटवलं. तोवर घोडा देशातल्या तीन मानाच्या शर्यती जिंकून मोकळा झाला होता. लोकांना हे कळलं सप्टेंबर २०१९ मध्ये, तेही वर्तमानपत्रातून. दुसऱ्या आलेल्या घोड्याचा मालक कोर्टात गेला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला.

त्याच प्रशिक्षकाचा दुसरा घोडा, 'मेडिना स्पिरिट'. १ मे २०२१ रोजी केंटकी डर्बी जिंकला. त्याच्या रक्तात बीटामेथाझोन निघालं, मिलिलिटरला २१ पिकोग्रॅम. एका ग्रॅमचे लाख कोटी भाग करा, त्यातला एक भाग म्हणजे पिकोग्रॅम! कातडीच्या विकारावर लावलेल्या मलमातून ते आलं, असं सांगण्यात आलं. उपचाराला हे औषध चालतं, पण शर्यतीच्या दिवशी अंगात सापडता कामा नये. फेब्रुवारी २०२२ मध्ये पहिला नंबर काढून घेतला. घोडा मात्र डिसेंबरमध्येच सरावानंतर मेला होता.

एवढ्याशा कणाने घोडा पळतो का हो? नाही पळत. तरीही जनावराच्या अंगात जे सापडेल त्याला प्रशिक्षक जबाबदार, मुद्दाम दिलेलं असो वा नसो, हा नियम मला योग्य वाटतो. नाहीतर 'चुकून गेलं' असं जो तो म्हणेल. शिवाय सूज आणि दुखणं दाबून पळवलेल्या जनावराचा पाय मैदानातच मोडतो, त्याला आपलं दुखणं सांगता येत नाही. अन्याय नियमाच्या कडकपणात नाही. एकाचा निवाडा बंद खोलीत आणि दुसऱ्याचा साऱ्या जगासमोर, हा अन्याय. आणि औषध दिल्यावर किती दिवस थांबायचं हे आधी न सांगता नंतर दंड करणं, हाही अन्यायच. २०१० साली क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षं अडकली, तेव्हा हा अनुभव आपल्या बागाईतदारांनी घेतला आहे.

आता आपल्या घरचं बघू. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १८ मे २०२३ रोजी बैलगाडा शर्यतीचा कायदा वैध ठरवला. बैलाला उत्तेजक द्यायला बंदी आहे, पशुवैद्यकाचा दाखलाही लागतो. पण रक्तातलं औषध दाखला देणाऱ्याच्या डोळ्यांना थोडंच दिसतं? आठवड्यापूर्वी बैल लंगडला म्हणून सुजेचं इंजेक्शन दिलं, तर तो उपचार की उत्तेजक? त्याला कितव्या दिवशी जुंपायचा? गाडामालकाने हे विचारायचं कुणाला?

सरपंच आणि यात्रा कमिटीने एवढं करून बघावं. नेहमीची औषधं आणि प्रत्येकीनंतर थांबायचे दिवस, अशी यादी पशुवैद्यकीय दवाखान्यातून लिहून घ्यावी आणि यात्रेच्या महिनाभर आधी चावडीवर लावावी. नमुना घ्यायची सोय झालीच, तर मालकासमोर दोन बाटल्यांत घेऊन दोन्हींना सील करावं. एक तपासणीला, दुसरी मालकाने हरकत घेतली तर उघडायला. आणि निकाल काहीही लागो, तो त्याच चावडीवर लागावा, मग बैल कुणा पुढाऱ्याच्या दावणीचा असला तरी.