सरकती तुळई
वास्तुशिल्प, नृत्य आणि विद्युत्-संगीत यांच्या सरहद्दी पंडितांनी कितीही काटेकोरपणे मुक्रर केल्या असल्या, तरी क्योतोच्या कलाविद्यापीठातील विद्यार्थ्यांनी 1984 साली स्थापन केलेल्या ‘डम टाइप’ या मंडळीने त्या कधीच जुमानल्या नाहीत. त्यांच्या 1990 च्या ‘पीएच’ या प्रयोगात प्रेक्षक दोन्ही बाजूंच्या उंच आसनांवरून खाली पाहत, आणि तळाच्या लांबट रंगभूमीवरून, झेरॉक्स यंत्रातील प्रकाशपट्टी कागदाखालून फिरावी तशी, एक आडवी तुळई अव्याहत सरकत असे. ती जवळ आली की नर्तकाने एक तर तिच्यावरून उडी घ्यावी, नाही तर भुईसपाट व्हावे, तिसरा मार्ग नाही. नेपथ्याने नर्तनाच्या मागे निमूट उभे राहण्याऐवजी नर्तनावर अशी हुकमत गाजवावी, हे मला या मंडळीचे सर्वांत मौलिक कर्तृत्व वाटते. पुढे मंडळीतील संगीतकार रियोजी इकेदा यांनी, श्रवणशक्तीच्या हद्दीवर घोटाळणाऱ्या शुद्ध विद्युत्-स्वरांनी, तीच शिस्त ध्वनीतही आणली. 2022 च्या व्हेनिस द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात जपानचे दालन याच मंडळीकडे सोपविण्यात आले, आणि तेथे मांडलेल्या कृतीत ज्येष्ठ संगीतकार रिउइची साकामोतो मंडळीचे सदस्य म्हणून सहभागी झाले होते.