पट्टी स्वस्त, पण उन्हाळ्याचे काय?

हिंगोली - रक्ताचा थेंब कागदी पट्टीवर टाकला, की पंधरा-वीस मिनिटांत रेषा उमटते आणि हिवतापाचे निदान होते. राष्ट्रीय कार्यक्रमात दुर्गम गावांतील 'आशा' कार्यकर्त्यांच्या हाती हीच पट्टी दिली जाते. मे २०२१ मध्ये मान्यता मिळालेला पुण्याच्या मायलॅबचा अडीचशे रुपयांचा घरगुती कोरोना चाचणी संचही याच तत्त्वावरचा. पट्टीवरील प्रतिपिंडे रोगजंतूंची प्रथिने पकडतात. प्रयोगशाळेपासून दूर असलेल्या सेनगाव, औंढा नागनाथ तालुक्यांतील खेड्यांसाठी अशा चाचणीचे मोल मोठे आहे.

मात्र, ही प्रतिपिंडे अति उष्णतेने क्षीण होतात. बहुतांश संचांची कमाल तापमान मर्यादा ३० ते ४० अंश सेल्सिअस असते. हिंगोलीत एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. तापलेल्या खोलीत पडून राहिलेली पट्टी आजारी माणसाला निरोगी ठरवू शकते आणि उपचार लांबतात. त्यामुळे यंत्रणेने वाटलेल्या संचांची संख्या मोजून थांबू नये. साठवणुकीचे तापमानही नोंदवावे. लक्षणे कायम असतील, तर प्रयोगशाळेत फेरतपासणी व्हायलाच हवी. अन्यथा, स्वस्त चाचणीचा चुकीचा निकाल गरीब रुग्णालाच महागात पडेल.