न रडणाऱ्या बाळाची वेदना

गर्भावस्थेचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले बाळ अतिदक्षता कक्षात असते, तेव्हा रक्त घेण्यासाठी टाच टोचणे, शीर शोधून सुई लावणे, नळी घालणे हे त्याच्या वाट्याला वारंवार येते. बाहेर बसलेले कुटुंबीय बाळाचे वजन विचारतात, खर्चाचा अंदाज घेतात. बाळाला दुखते का, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

एके काळी वैद्यकशास्त्रही हा प्रश्न विचारीत नसे. नवजाताची मज्जासंस्था अपक्व असल्याने त्याला वेदना जाणवत नाही, असा समज १९८० च्या दशकापर्यंत रूढ होता. काही शस्त्रक्रिया स्नायू शिथिल करणारे औषध व अल्पशी भूल एवढ्यावरच होत. इंदूरला वैद्यकीय शिक्षण घेऊन ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कंवलजीत सिंग आनंद व त्यांच्या सहकाऱ्यांनी या समजाची परीक्षा घेतली. हृदयाजवळील रक्तवाहिनी बंद करण्याच्या शस्त्रक्रियेत त्यांनी काही बाळांना नेहमीच्या भुलीबरोबर फेंटानिल हे वेदनाशामक दिले. त्या बाळांच्या शरीरावरील ताण पुष्कळ कमी राहिला. १९८७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

अशक्त बाळ पुष्कळदा रडतही नाही. कपाळाला आठी पडते, हृदयाचे ठोके वाढतात, रक्तातील प्राणवायू घटतो. वहीत नोंद नाही म्हणून देणे फिटत नाही, हे व्यापारी घरांना वेगळे सांगायला नको.

लहानसहान टोचण्यांसाठी सोपे उपाय आहेत. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरणे, त्याचे हातपाय हलकेच मुडपून धरणे, जिभेवर आईच्या दुधाचे थेंब देणे, किंवा टोचण्याच्या सुमारे दोन मिनिटे आधी परिचारिकेने मोजून दिलेले साखरेचे द्रावण. यांनी वेदना कमी होते. मात्र साखर आपल्या मनाने देऊ नये, आणि मध तर मुळीच नाही.

म्हणून डॉक्टरांना नम्रपणे विचारावे: टोचताना वेदनेसाठी काय योजना आहे? आई जवळ थांबू शकेल का? दोन तपासण्यांचे रक्त एकाच वेळी घेता येईल का? बाळंतिणीची प्रकृती साथ देत असेल, तर विश्रांतीच्या नावाखाली तिला घरी अडवू नये. तिचे जवळ असणे हाही उपचारच आहे.