सोलापूरची हवा : मोजमाप कोणासाठी?

१८७७ साली सोलापुरात पहिली कापडगिरणी उभी राहिली आणि पुढे कित्येक दशके हे शहर गिरण्यांच्या भोंग्यावर जागे होत राहिले. त्या गिरण्या बंद पडल्या, चिमण्या थंडावल्या. परंतु धुराने शहर सोडलेले नाही. तो चिमणीवरून खाली उतरून रस्त्यावर आला आहे. पुणे-हैदराबाद आणि धुळे-विजयपूर हे दोन राष्ट्रीय महामार्ग या शहरापाशी एकमेकांना छेदतात. मालमोटारी, गळीत हंगामातील उसाचे ट्रॅक्टर, रिक्षा आणि दुचाक्या यांच्या गर्दीत येथील श्रमिकांचा दिवस जातो. त्यांच्या छातीत काय जाते, याचा हिशेब कोण ठेवतो, हा आजचा प्रश्न आहे.

केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जाहीर केला. हवेच्या मानकांत न बसणाऱ्या शहरांच्या यादीत सोलापूरचाही समावेश झाला. २०१७ च्या तुलनेत २०२४ पर्यंत धूलिकण २० ते ३० टक्क्यांनी घटवावयाचे होते. पुढे हे उद्दिष्ट २०२५-२६ पर्यंत ४० टक्के असे वाढविण्यात आले. उद्दिष्ट स्तुत्य आहे. मात्र घट मोजावयाची कोठे आणि कशाची, हे ठरविणाराच खर्चाची दिशाही ठरवीत असतो.

सोलापुरात वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचा परिसर आणि सात रस्ता येथे जुन्या पद्धतीने नमुने घेतले जात आले आहेत. या पद्धतीत आठवड्यातून दोनदा, म्हणजे वर्षाकाठी सुमारे १०४ दिवस, हवा तपासली जाते. अलीकडे स्वयंचलित केंद्रांची भर पडली, हे खरे. परंतु नियमानुसार हवा ओढणारी नळी जमिनीपासून ३ ते १० मीटर उंचीवर असते. आसरा चौकातील फळविक्रेती मात्र दीड मीटरवरच श्वास घेते. हिवाळ्याच्या सकाळी वारा पडलेला असतो, थंड हवेचा थर धूर खाली दाबून धरतो आणि नेमक्या त्याच वेळी विडी कामगार स्त्री तयार विड्या घेऊन कारखान्याकडे निघालेली असते. तिचे ते दोन तास वार्षिक सरासरीत विरघळून जातात.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. या कार्यक्रमात शहरांची प्रगती प्रामुख्याने १० मायक्रॉनपर्यंतच्या धूलिकणांवरून जोखली जाते. डिझेलच्या धुरातील कण अडीच मायक्रॉनहूनही बारीक असतात व फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ सालीच डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरविला आहे. तरीही जाड धूळ मोजली की जाड धूळच झाडली जाते. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंट या संस्थेने २०२४ साली केलेल्या छाननीनुसार १३१ शहरांत खर्ची पडलेल्या निधीपैकी ६४ टक्के रक्कम रस्त्यांवरील धुळीवर गेली. वाहनांच्या वाट्याला १३ टक्क्यांहून कमी, तर उद्योगांच्या वाट्याला एक टक्कादेखील आला नाही. सोलापूरच्या कोरड्या हवेत धूळ आहेच. पण झाडण्याच्या यंत्राला डिझेलचा धूर झाडता येत नाही.

वस्तुतः प्रत्येक चौकात यंत्र बसविण्याची आवश्यकताही नाही. कोणत्या जातीची किती वाहने तासाला जातात, प्रत्येकी किती धूर सोडतात, वारा कोणत्या दिशेने व किती वेगाने वाहतो, हे ठाऊक असले म्हणजे रस्त्याकडेच्या प्रदूषणाचे गणित मांडता येते. मुंबईच्या आयआयटीतील लुहार व पाटील या संशोधकांनी १९८९ सालीच असे गणिती प्रारूप प्रसिद्ध केले. वारा रस्त्याशी कोणत्याही कोनात वाहत असला तरी ते लागू पडते. वाहनागणिक धुराचे भारतीय आकडे पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनने काढलेले आहेत. म्हणजे विद्या महाराष्ट्रातच उपलब्ध आहे. उणीव आहे ती राजकीय इच्छेची.

श्रमिकांच्या चळवळीत या विषयाबद्दल एक संकोच आढळतो आणि तो निराधार नाही. पर्यावरणाच्या नावाने पहिली कुऱ्हाड गरिबाच्या रिक्षावर पडते, असा अनुभव आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या आदेशानंतर दिल्लीतील बसगाड्या व रिक्षा नैसर्गिक वायूवर आल्या. हवेला त्याचा लाभ झाला. परंतु बदलाचा भार अनेक रिक्षाचालकांना कर्ज काढून सोसावा लागला. अर्थशास्त्रज्ञ के. विल्यम काप यांनी १९५० साली दाखवून दिले होते की, खाजगी उद्योग आपला परिव्यय समाजावर ढकलतात आणि तोच नफा म्हणून मिरवतात. मालवाहतुकीचा नफा एकाचा व दमा दुसऱ्याचा, हे त्याचेच रूप होय. मोजमाप नसले की दोष दुबळ्याच्या माथी मारणे सोपे जाते. कोणत्या वाहनाचा वाटा किती, हे आकड्यांनिशी मांडले गेले, तर भार कोणी उचलावा हे न्यायाने ठरविता येते. म्हणूनच मोजमापाची मागणी ही तज्ज्ञांची नव्हे, कामगारांची मागणी झाली पाहिजे.

सोलापुरातील कार्यकर्त्यांनी ती स्पष्ट शब्दांत मांडावी. प्रमुख चौकांत माणसाच्या उंचीवर आणि कामाच्या वेळी सूक्ष्म कण मोजले जावेत. वाहनांची जातवार गणना होऊन तिचे आकडे मराठीत, वॉर्डाच्या फलकावर लागावेत. निधी प्रथम महापालिकेच्या बससेवेवर आणि जड वाहतूक शहराबाहेरून वळविण्यावर खर्च व्हावा. रिक्षा बदलावयाची तर चालकाला अनुदान मिळावे. हवा प्रतिबंधक कायद्याच्या कलम २० ने वाहनांच्या धुराबाबत नोंदणी अधिकाऱ्यांना सूचना देण्याचा अधिकार राज्य सरकारला १९८१ सालीच दिला आहे. तो वापरला जावा, यासाठी रेटा हवा.

गिरणीतील कामाचे तास कमी झाले ते मालकाच्या दयेने नव्हे. कामगारांनी ते तास मोजले आणि त्यांचा जाब विचारला म्हणून. श्वासाच्या बाबतीतही तोच मार्ग आहे.