साल झाकणाऱ्या लाद्या

आपल्या रस्त्यांच्या कडेला उभ्या असलेल्या जुन्या क्रूसांना आज सर्वांत मोठे भय कोणाचे, असा प्रश्न केला तर बहुतेक वाचक महानगरपालिकेचे नाव घेतील, काहीजण रस्तारुंदीकरणाचे आणि काही रात्री येऊन मोडतोड करणाऱ्या समाजकंटकांचे. आम्ही चौथे नाव घेतो. ते भय दात्याचे आहे. सण जवळ आला की हा दाता, हेतू अगदी निर्मळ ठेवून, चौथऱ्याला चकचकीत लाद्या बसवतो, दगडी क्रूसावर तैलरंगाचा जाड थर चढवतो आणि समोर काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत आपल्या कुटुंबाचे नाव कोरून घेतो. त्या लाद्यांखाली जुन्या दगडावरचे साल गाडले जाते. त्याचा शोक कोणीही करीत नाही.

हे साल म्हणजे काय? मुंबईच्या गावठाणांतून, म्हणजे बांद्रा, माझगाव, गिरगावची खोताची वाडी अशा भागांतून, जे क्रूस उभे आहेत त्यांतील कितीतरी १८९६ नंतरच्या प्लेगच्या काळातील आहेत. त्या वर्षीच्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेगचा रोगी ओळखला तो डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. हे गोव्यातील हडफड्याचे सुपुत्र, पुढे मुंबई महापालिकेचे अध्यक्षही झाले. मेट्रो सिनेमाजवळ त्यांचा पुतळा आहे. त्याच्यासमोरून रोज हजारो माणसे जातात. त्यांतील किती कॅथलिकांना हा पुतळा कोणाचा हे सांगता येईल, याची पैज आम्ही लावणार नाही.

शहर रिकामे होऊ लागले. १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा आला, घरांच्या झडत्या सुरू झाल्या, रोग्यांना कुटुंबापासून तोडून नेण्यात येऊ लागले. पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. त्याच वर्षी २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. ज्यांच्या हाती कायदा नव्हता आणि औषधही नव्हते, अशा आपल्या पूर्वजांनी वेशीवर, विहिरीपाशी, पाखाडीच्या तोंडाशी क्रूस रोवला. शेजारच्या वस्तीने मरीआईला साकडे घातले. दोन्ही दगडांना एकाच भीतीने जागा दिली. (क्रूस रोवला की रोग थबकतो असे त्यांना वाटे काय, ही चर्चा धर्मज्ञान शिकवणाऱ्यांनी खुशाल करावी. मृत्यू दाराशी आलेल्या माणसाच्या प्रार्थनेची व्याकरणतपासणी करण्याची आम्हाला हौस नाही.) २०२० च्या टाळेबंदीत शासनाने जे कायदे वापरले त्यांत हा १८९७ चा कायदाही होता. तो आपल्या पुढाऱ्यांना आठवला. त्याच सालचे क्रूस मात्र आपल्याला आठवले नाहीत. आठवणार कसे? आकडे लाद्यांखाली होते.

यावर आम्हाला नेहमी दोन उत्तरे मिळतात. पहिले असे की, “फादर, श्रद्धा महत्त्वाची, दगड नव्हे.” तसे असेल तर त्या दगडावर आपले नाव कोरण्याचा आग्रह का? दुसरे उत्तर स्वच्छतेचे. लाद्या धुता येतात हे खरे. पण सिमेंट आणि लाद्या यांच्या आड जुन्या चुन्याच्या बांधकामातील ओल कोंडते, बाहेर पडायला वाट मिळत नाही, आणि आतला दगड व चुना भुसभुशीत होत जातो. बाहेरून मात्र चौथरा नवाकोरा दिसत राहतो. चुन्याची सफेदी जुन्या माणसांना स्वस्त होती म्हणूनच केवळ त्यांनी ती वापरली नाही. ती भिंतीला श्वास घेऊ देते.

आता व्यवहाराची गोष्ट, कारण व्यवहार आपल्या लोकांना लवकर कळतो. २९ सप्टेंबर २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक रस्त्यांवर व उद्यानांत अनधिकृत धार्मिक बांधकामे होऊ देऊ नयेत असा आदेश दिला, आणि आधीच्या बांधकामांचा प्रकरणागणिक विचार करण्याचे काम राज्यांवर सोपवले. अशा वेळी नोटीस हाती घेऊन आलेल्या अधिकाऱ्याला आपण काय दाखवणार? कोरलेले १८९७ हे साल हाच त्या क्रूसाच्या बाजूने उभा राहणारा पहिला साक्षीदार. त्याला आपणच भिंतीत चिणले आणि वर नूतनीकरणाची परवाची तारीख सोन्याने लिहिली. अधिकारी ती वाचतो आणि या बांधकामाला नवे म्हणतो. मग आपण मोर्चा काढतो.

आमच्या एका पूर्वीच्या धर्मग्रामात अशी लादी निखळून पडली, तेव्हा आत चार ओळींचा लेख निघाला. दुरुस्तीला आलेल्या कंत्राटदाराने दुपारच्या आत तो पुन्हा सिमेंटने लिंपून टाकला. कोणी हरकत घेतली नाही. उलट काम वेळेत झाले म्हणून त्याचे कौतुक झाले.

आमची मागणी फार मोठी नाही. मे महिन्यात क्रूसाजवळ रोझरीसाठी जमाल, उकडलेले चणे वाटाल, तेव्हा चौथरा चारही बाजूंनी नीट पाहा. तैलरंग थांबवा. तारेचा ब्रश आणि आम्ल दगडाला लावू नका; पाणी आणि मऊ ब्रश पुरे. अक्षरे पुसट असतील तर सकाळच्या तिरप्या उन्हात छायाचित्र घ्या, दुपारी न दिसलेली ओळ त्यात दिसते. मग धर्मग्रामाची मृत्यूची नोंदवही उघडा. धर्मग्रामाने या नोंदवह्या ठेवाव्यात आणि जुनी पुस्तके काळजीपूर्वक जतन करावीत असे कॅनन लॉ सांगतो, तेव्हा ती कपाटात वाळवीच्या हवाली करण्याची मुभा कोणालाही नाही, आमच्या धर्मगुरुबंधूंनाही नाही. त्या सालची नावे मोजा. कोणत्या पाखाडीतले किती गेले, वये काय होती, एका घरातून किती, हे उतरवून काढा.

एवढे झाल्यावर क्रूसाच्या बाजूला, क्रूसावर नव्हे, एक लहानसा फलक लावा. त्यावर कोरीव लेख जसाच्या तसा, त्याचा मराठी अर्थ, साल आणि त्या साली त्या वस्तीतून गेलेल्यांची संख्या, एवढेच लिहा. फलकाचा खर्च ज्याने केला त्याला चर्चच्या कार्यालयातून पावती मिळेल, आणि पावतीवर त्याचे नाव असेलच.