रविवारची सकाळ कोणाची?

पालघर तालुक्यातील माहीम हे पानवेलींच्या आणि नारळी-पोफळींच्या वाड्यांचे गाव. आजोबांबरोबर वाडीतील फेरी, देवपूजा आणि मग सर्वांची एकत्र न्याहारी, अशी रविवारची सकाळ आज पन्नाशीत असलेल्या पिढीच्या स्मरणात आहे. २५ जानेवारी १९८७ पासून दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झाले, तेव्हा संच असलेल्या घरी शेजारीपाजारीही जमू लागले.

ही सुट्टी आयती मिळालेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांनी १८९० मध्ये ती झगडून मिळविली. आज मात्र तारापूरच्या कारखान्यांतील पाळ्या आणि मुंबईचा रेल्वेप्रवास यांतून उरलेला रविवार झोप, शिकवणी आणि प्रत्येकाच्या हातातील भ्रमणध्वनी यांत वाटला जातो. श्रमलेल्या पित्याला दोष देणे अन्यायाचे ठरेल. परंतु मुलांचे बालपण कोणासाठी थांबत नाही.

२०२० च्या टाळेबंदीत ‘रामायण’ पुन्हा दाखविले गेले आणि अनेक घरांत तीन पिढ्या एकत्र बसल्या. ओढ आटलेली नाही, सवड आटली आहे, हेच त्यातून दिसले.

संस्कार भाषणांतून होत नाहीत, सहवासातून झिरपतात. म्हणून रविवारी सकाळी बैठक ठरविताना कार्यकर्त्यांनीही थोडा विचार करावा. समाजासाठी झटणाऱ्याच्याच घरी मुले वडिलांची वाट पाहत राहिली, तर कुटुंबप्रबोधनाचा प्रारंभ व्हायचा कोठून?